हौसाआत्याचा श्वास

त्या पावसाळ्यात मला घरात बूड टेकवून बसवत नव्हतं. भोरला मावशीच्या घरी राहून मी अकरावी करत होते. भाताच्या लावणीसाठी म्हणून घरी, राजगडाखालच्या पालीला आले आणि तिथंच अडकून पडले. लावणी उरकली, चिखलानं कुजलेली पायाची बोटं भरून आली, तरी मला परत धाडायचं नाव कुणी काढेना. मी रोज सकाळी पिशवी भरायची आणि संध्याकाळी रिकामी करायची. आई नजर चुकवायची, आबा गोठ्यात जायचे. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हौसाआत्यानं माझ्यासाठी पानशेतकडचं एक स्थळ काढलं होतं आणि माणसं बघायला यायची होती.

हौसाआत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा वारला, ती माहेरी आली आणि हळूहळू घर तिच्याच हातात गेलं. कुठल्या खाचरात कुठलं भात लावायचं, म्हैस कधी विकायची, पाहुण्यांना कोंबडी कापायची की पिठलं घालायचं, सगळं ती ठरवायची. सुट्टीच्या दिवशी ती ताकाची कळशी डोक्यावर घेऊन राजगड चढायची आणि वर आलेल्या पुण्याच्या पोरांना ताक विकायची. ती पोरं धापा टाकत बसलेली असायची आणि ही त्यांना विचारायची, "काय रं, कुनी मागं लागलं व्हतं का?" तिचा आवाज असा होता की वरच्या खाचरातून तिनं म्हशीला हाक मारली की खालच्या वाडीतली कुत्री भुंकायची. घरात तीच बोलायची आणि बाकीचे आम्ही मधल्या जागा भरायचो.

घर तसं लहान, बाहेर ओटा, आत दोन खोल्या, भिंतीपलीकडं गोठा. पावसाळ्यात चुलीचा धूर बाहेर जायलाच मागत नसे. ओली लाकडं फुसफुसायची, कौलांवर पाऊस एकसारखा वाजत राहायचा आणि गुंजवणी नदीच्या पाण्याचा घोष दिवसरात्र कानात असायचा. असल्या दिवसांत खाण्याची मात्र चंगळ. कुर्डूची भाजी, नाचणीची भाकरी, आणि ओढ्याला पाणी आलं की खेकडे. त्या संध्याकाळी मीच खेकडे धरून आणले होते. आईनं त्यांचे बारीक पाय पाट्यावर वाटून, गाळून, भाजलेलं खोबरं घालून कालवण केलं. आत्या नांग्या दाताखाली फोडत होती आणि मी चुलीच्या उजेडात जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन बसले होते.

"काय वाचतीस एवढं?" तिनं विचारलं.

"पोटातली आतडी."

"आतडी काय वाचायची असत्यात? भूक लागली की कळतंय, हायेत म्हनून."

आई हसली, आबाही हसले. मला मात्र राग आला. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली मी, अकरावीला एकदम इंग्रजीत. प्रत्येक धड्याच्या वर मी पेन्सिलीनं मराठी नाव लिहून ठेवलं होतं. पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण, मज्जासंस्था. एक धडा पाठ झाला की पुस्तक मिटायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसरा उघडायचा. माणसाच्या अंगात ही सगळी धडे पाडून ठेवल्यासारखी वेगवेगळी राहतात, अशीच माझी समजूत होती. मी म्हणाले, "मला परीक्षा द्यायचीय आत्या. मला सोमवारच्या एसटीनं भोरला जायचंय." ती म्हणाली, "आधी मानसं यिऊन जाऊ देत." मी पुस्तक आपटलं आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. अंधारात नुसता पाऊस होता. आत आत्याची आवराआवर ऐकू येत होती. तिला खाटेवर झोप येत नसे. भाताच्या कणगीपाशी जमिनीवर घोंगडी टाकून ती झोपायची.

सकाळी मला जाग आली तेव्हा घर गप्प होतं. चूल पेटली होती, आई भाकरी थापत होती, पण आत्याचा आवाज नव्हता. ती घोंगडीवरच पोट धरून, गुडघे छातीशी घेऊन पडली होती.

"वन्सं, खेकडं बाधलं म्हनायचं," आई म्हणाली आणि तिनं ओवा-मीठ चोळून दिलं. आत्यानं ते तोंडात टाकलं, थोड्या वेळात उलटी केली. मला आतून वाटलं, मीच आणलेले खेकडे. पण मग आम्ही सगळ्यांनीच खाल्ले होते, आणि आमच्या कुणाच्या पोटात साधं गुरगुरलंही नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. ती माझ्याकडं बघत होती, पण तिच्या पापण्या पेंगुळल्यासारख्या खाली येत होत्या. ती कपाळाला आठ्या घालून, भुवया वर ओढून त्या उघड्या ठेवू पाहत होती.

"सुमे," ती म्हणाली, "दोन-दोन दिसतीयास गं तू."

आवाज तिचा नव्हता. नाकातून आल्यासारखा, सैल. आईनं पाणी पाजलं तर ते नाकावाटे बाहेर आलं. शेजारची माणसं दारात जमली, कुणी म्हणालं लकवा, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी. मला काहीच कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की पोटाचा धडा वेगळा आणि डोळ्याचा वेगळा, मग पोट दुखणाऱ्या बाईच्या पापण्या का पडाव्यात? मी आबांना म्हणाले, "आबा, वेल्ह्याला न्या. आत्ताच न्या." आबांनी माझ्याकडं बघितलं. एरवी असल्या वेळी ते आत्याला विचारायचे.

बबनतात्या रोज सकाळी गावचं दूध जीपमधून नसरापूरला न्यायचे. त्यांनी दुधाच्या किटल्या वाटेवर एका घरी उतरवल्या आणि आत्याला मागच्या बाकावर आडवं केलं. आई म्हशींपाशी थांबली. आबा आणि मी गाडीत. वेल्ह्याच्या दवाखान्यापर्यंतच्या वाटेत आत्याचं बोलणं बंद होत गेलं. ती माझ्या हाताची बोटं धरून होती, आणि ती पकड ढिली होतेय हे मला प्रत्येक वळणावर जाणवत होतं.

दवाखान्यात नुकतीच एक तरुण डॉक्टरीणबाई आली होती. माझ्याहून फार मोठी नसावी. तिनं पोटाला हातही लावला नाही. आधी पापण्या बघितल्या, मग म्हणाली, "आजी, मान उचला." आत्याला मान उचलता आली नाही. "माझी बोटं घट्ट दाबा." आत्याची बोटं नुसती टेकली. "आता एका दमात आकडे म्हणून दाखवा." आत्या तीनच्या पुढं जाईना. बाईनं आबांना विचारलं, "या जमिनीवर झोपतात का?"

"व्हय. कनगीपाशी."

"तिथं उंदीर असतील."

"असत्यात की."

"मामा, यांना मण्यार चावलीय."

आबा म्हणाले, "पर बाई, चावल्यालं कुठंच दिसत न्हाई. सूज न्हाई, रगत न्हाई."

"मण्यारीचं तसंच असतं. डास चावल्यासारखं. झोपेत कळतही नाही. सकाळी पोट दुखतं आणि मग एकेक पडदा खाली येतो."

तिनं सलाईन लावलं, सापाच्या विषावरची लस सुरू केली आणि पुण्याला न्यायची तयारी करायला सांगितलं. दवाखान्याची गाडी एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन आधीच गेली होती, त्यामुळं बबनतात्यांचीच जीप. तेवढ्यात आत्याची छाती हलायची कमी झाली. पोट थोडं उचलायचं, मग तेही नाही. ओठ जांभळट दिसायला लागले. बाईनं जरासुद्धा वेळ न घालवता आत्याच्या तोंडातून घशात नळी सरकवली, नळीच्या टोकाला रबरी फुगा जोडला आणि दाबला. आत्याची छाती वर आली. सोडला, खाली गेली. मी पायाशी उभी होते. ओठांचा रंग परत येताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

"तुझं नाव काय?"

"सुमन."

"शिकतेस?"

"अकरावी सायन्स."

"मग ये इकडं. गाडीत मला सलाईन बघायचंय, घसा साफ ठेवायचाय. फुगा तू दाबायचास. आकडे मोजू नकोस, घाबरली की माणूस भराभर मोजतो. तू आत श्वास घेतलास की दाब, सोडलास की सोड. तुझ्या श्वासावर तिचा श्वास."

आता माझी साठी उलटून गेलीय. गुडघ्याला एक डॉक्टर, डोळ्याला दुसरा, साखरेला तिसरा. प्रत्येक जण आपापल्या अवयवाकडं बघतो आणि चिठ्ठी लिहून देतो. मी पुढं परिचारिका झाले, सगळी नोकरी भोर-वेल्ह्याच्या दवाखान्यांतच केली, तेव्हा हे असंच चालतं हे मला ठाऊक आहे आणि त्यात कुणाचा दोषही नाही. पण त्या सकाळी जीपच्या मागच्या बाजूला गुडघे टेकून बसले होते तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की अंगात वेगळं असं काही नसतं. मी फुगा दाबायची आणि आत्याची नखं गुलाबी राहायची. माझ्या हातातली हवा तिच्या छातीत, छातीतून रक्तात, रक्तातून पार बोटांच्या टोकांपर्यंत जात होती आणि मला ती जाताना दिसत होती. माझं स्वतःचं काळीज धडधडत होतं, पोटात गोळा आला होता, तळहाताला घाम सुटून रबर निसटत होतं. भीती डोक्यातली, घाम हाताचा, गोळा पोटातला. हे सगळं एकमेकांना विचारूनच चाललं होतं जणू.

मार्गासनी गाव मागं गेलं तसा पाऊस वाढला. आबा आत्याच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळत होते. ते आत्याच्या तोंडाकडं बघत नव्हते. मी बघत होते. तिचे डोळे अर्धवट उघडे होते, पण बुबुळं हलत नव्हती. गाडीच्या धक्क्यानं मान जिकडं जाईल तिकडं जात होती. तोंडाच्या कडेला नळी, चिकटपट्टी, लाळ. मी आयुष्यात तोवर मेलेली माणसं पाहिली होती आणि आत्या तशीच दिसत होती.

नसरापूरला बबनतात्यांनी डिझेलसाठी गाडी थांबवली. दुधाच्या गाडीची वाट बघणारी ओळखीची माणसं भोवती गोळा झाली. एका म्हाताऱ्यानं मागून आत डोकं घातलं, आत्याची पापणी बोटानं उचलली आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "गेली रं," तो म्हणाला. "आता कशाला पुढं नेतुयास? थितं फाडत्यात. माघारी ने, सोन्यासारखी लाव मार्गाला."

आबा तेवढ्यावरच मोडले. ते रडायला लागले आणि डॉक्टरीणबाईपुढं त्यांनी हात जोडले. "बाई, माघारी न्या. आक्का गेली माझी. तिला पुन्यात कापू नका."

"मामा, त्या गेल्या नाहीत."

"हालत न्हाई, डोळं फिरत न्हाईत..."

बाईनं आबांचा हात ओढून आत्याच्या मनगटावर ठेवला. "हे काय लागतंय बोटांना?"

"ह्यो तर तुमच्या फुग्यानं चालतुय."

"नाही. फुगा फक्त हवा देतोय. काळीज तिचं तिचं चाललंय. काळजाला मेंदूचा हुकूम लागत नाही, ते स्वतःच्या तालावर चालतं. श्वासाचं तसं नाही. मेंदूनं सांगायचं, नसांनी निरोप न्यायचा, छातीच्या स्नायूंनी ऐकायचं. विषानं तो निरोप मध्येच अडवलाय. मेंदू जागा आहे, काळीज चालू आहे, नुसता निरोप पोचत नाही. हवा थांबवलीत तर मात्र थोड्या वेळात काळीजही थांबेल. आणि मामा, जरा जपून बोला. त्यांना सगळं ऐकू येतंय."

आबांना हे पटलं की नाही, कुणास ठाऊक. ते नुसते मान हलवत राहिले, हो नाही आणि नाही पण नाही. बबनतात्या स्टेअरिंगवर हात ठेवून मागं बघत होते. घरच्या कर्त्या माणसानं सांगितल्याशिवाय ते गाडी कुठं वळवणार? भोवतीची माणसं कुजबुजत होती. कुणीतरी हार आणायचंही बोललं. बाईच्या हातात काही नव्हतं. ती सरकारी डॉक्टर, पेशंट आबांचा. या सगळ्यात मी एकीकडं फुगा दाबतच होते. माझ्या तोंडून शब्द गेले ते मी ठरवलेले नव्हते.

"बबनतात्या, गाडी पुण्याला घ्या. माघारी वळवलीत तरी मी हात थांबवायची नाही. पालीपर्यंत दाबीन, घरात निऊन दाबीन, तुमी सगळे बसा बघत."

आबांनी माझ्याकडं वर बघितलं. मी त्यांच्यापुढं असं कधी बोलले नव्हते, घरात आत्या सोडून कुणीच बोलत नसे. त्यांनी डोळे पुसले आणि बबनतात्यांना हातानंच पुढं चला अशी खूण केली.

हायवेला लागलो तेव्हा वाटलं, आता सुटलो. शिवऱ्यापाशी मागचं चाक बसलं. रस्त्याकडेच्या हॉटेलासमोर गाडी उभी राहिली. बबनतात्या आणि आबा पावसात जॅक लावायला उतरले, हॉटेलातली दोन माणसं मदतीला धावली. गाडी एका अंगाला उचलली गेली तशी मी आत्याच्या डोक्यामागं जीपच्या पत्र्याला पाठ लावून बसले. आणि फुगा दबेना. आधी वाटलं माझीच बोटं गेली, कारण ती कधीची बधिर होऊन बसली होती. दोन्ही हातांनी दाबला तरी आत्याची छाती जेमतेम हलत होती.

"बाई, जड लागतंय!"

बाईनं आधी नखं बघितली. ती निळसर व्हायला लागली होती. मग मनगट धरलं. "नाडी पळतेय," ती म्हणाली. तिनं फुगा काढला, नळीत बारीक नळी घातली आणि पायानं दाबायच्या पंपानं आतला चिकट घट्ट कफ ओढून काढला. तेवढा वेळ आत्याला श्वास नव्हता आणि मीही माझा धरून ठेवला होता. फुगा परत जोडला. दाबला. मऊ गेला. छाती वर आली. मी नखांकडं बघत राहिले, आणि हळूहळू गुलाबी रंग परत आला.

"ये, तू पण बघ," म्हणत बाईनं माझं मोकळं बोट आत्याच्या मनगटावर टेकवलं. "मघाशी का पळत होती? हवा कमी पडली, म्हणून काळीज जोरात पळून आहे तेवढीच हवा सगळीकडं पोचवायला बघत होतं. आता हवा मिळाली, आता दम खाईल." आणि खरंच, माझ्या बोटाखाली ती नाडी हळूहळू संथ झाली. बाहेर आबा चाकाचे नट पिळत होते, ट्रक पाणी उडवत जात होते, हॉटेलातून भज्यांचा वास येत होता आणि मला, अशा वेळी, कडकडून भूक लागली.

मी आत्याच्या कानाशी वाकले. "आत्या, ऐकतीयास ना? आपन पुण्याला चाललोय. डोळं उघडता यायचं न्हाईत, पर भिऊ नगं. मी हितंच हाय." मग काय बोलावं कळेना, म्हणून मी तिला श्वसनसंस्थेचा धडा सांगायला लागले. नाक, घसा, श्वासनळी, तिच्या दोन फांद्या, फांद्यांच्या फांद्या. कात्रजचा घाट उतरेपर्यंत माझा धडा चालू होता.

पुण्यातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात श्वासाचं यंत्र मोकळं नव्हतं, आधीचे पेशंट त्यावर होते. ते मोकळं होईपर्यंत फुगा नातेवाइकांनीच आळीपाळीनं दाबायचा असा तिथला रिवाज. डॉक्टरीणबाई संध्याकाळी वेल्ह्याला परतली. जाताना तिनं आत्याच्या लघवीची पिशवी उचलून मला दाखवली. "ही भरतेय तोवर मूत्रपिंडाला रक्त पोचतंय असं समज. नुसतं तोंडाकडं बघू नकोस. सगळीकडं बघ." दुसऱ्या दिवशी म्हशी शेजाऱ्यांवर सोपवून आई आली. मग आई, आबा आणि मी. ज्याच्या हातात फुगा नसेल त्यानं व्हरांड्यात जाऊन चहा-पाव खायचा आणि भिंतीला टेकून डोळे मिटायचे. मला डोळे मिटता येत नसत. बाहेर बसले की आत जावंसं वाटायचं, आत असले की बाहेर पळावंसं. आईच्या हातात फुगा असला तरी माझा श्वास तिच्या हातावर लागलेला असायचा. नर्सबाई नाकातल्या नळीनं आत्याला पेज द्यायच्या. एकदा सगळं शांत असताना आत्याचं पोट मोठ्यानं गुरगुरलं. दगडासारख्या पडलेल्या देहातून आलेला तो पहिला आवाज. आई फुगा दाबता दाबता हसली आणि हसता हसता रडली. "वन्सं, भूक लागली व्हय?" ती म्हणाली.

यंत्र काही मोकळं झालं नाही, आणि किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. आधी आत्याच्या पायाचा अंगठा हलला. मग भुवई. मग एका दुपारी माझी पाळी होती. मी दाबायच्या आधीच तिची छाती वर आली. मला वाटलं मला भास झाला. मी दाबलं. मग थांबले. छाती पुन्हा स्वतःहून वर आली, थोडीशी, अडखळत. मी हाक मारल्यावर वॉर्डातले डॉक्टर आले, बघितलं आणि म्हणाले, "आता हात काढ. बघू या." माझा हात निघेना. बोटं त्या रबरावर वळून बसली होती. त्यांनी एकेक बोट सरळ करून फुगा काढून घेतला. आम्ही सगळे आत्याच्या छातीकडं बघत उभे राहिलो. ती वर आली, खाली गेली, मध्येच थांबली, आणि पुन्हा वर आली.

नळी निघाल्यावर तिचा आवाज फाटका झाला होता. आबा तिच्या खाटेपाशी यायचे टाळत होते. औषध आणायला जायचे, चहा आणायला जायचे, व्हरांड्यात उगीच उभे राहायचे. शेवटी आत्यानंच त्यांना बोलावून घेतलं.

"रामा, बस हितं."

आबा खाटेच्या कडेला टेकले.

"म्या समदं ऐकलं," ती म्हणाली. "नसरापूरला माघारी न्या म्हनलास ते बी."

आबांची मान खाली गेली. मला वाटलं आता ती त्यांना सोडणार नाही, आणि तिचा तो हक्कही होता. ती बराच वेळ श्वास घेत राहिली. तेव्हा तिला एका वाक्यामागं असा थांबा घ्यावा लागे.

"मला वरडायचं व्हतं, वरडता येईना. डोळं उघडायचं व्हतं, उघडंनात. पर तू माझं तळवं चोळत व्हतास, ते कळत व्हतं. हात गरम व्हता तुझा. म्हनलं, हात हाय तवर म्या बी हाय." मग पुन्हा थांबून म्हणाली, "रडू नगंस आता. च्या आन जा. साखर लई घाल."

आबा उठून गेले. आत्या माझ्याकडं वळली. माझ्या मनात आलं, आता ती मला काहीतरी मोठं, गोड बोलणार. ती म्हणाली, "आनि तू. पानशेतच्या मानसांना काय निरोप धाडलाय का न्हाई कुनी?"

मला इतकं हसू आलं की शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. "नाही धाडला," मी म्हणाले. "आणि मी नाही बसायची त्यांच्यापुढं. मला भोरला जायचंय आत्या."

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. अंगठ्यापाशी कातडी सोलवटून लाल झाली होती. "बघू," ती म्हणाली. आत्यानं आजवर कुणाला 'बघू' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तिच्याकडं हो असायचं नाहीतर न्हाई.

आम्हाला घरी सोडणार होते त्या सकाळची गोष्ट. वॉर्डात एकदम गडबड झाली. भोरच्या वरच्या अंगाला मेंढरं घेऊन राहणाऱ्या कुटुंबातला एक माणूस आणला होता. त्यालाही मण्यारच. वॉर्डबॉय चालता चालता फुगा दाबत होता, मागून त्याची बायको नुसती धावत होती, पायात काही नाही, डोक्यावरून पावसाचं भिजलेलं इरलं तसंच. खाट लागली. वॉर्डबॉयला दुसरीकडं हाक आली आणि त्यानं फुगा तिच्या हातात दिला. तिनं तो असा धरला, जसं कुणी तिच्या हातात निखारा ठेवलाय. ती दाबेना. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती आणि तिच्या घशातून एक बारीक आवाज येत होता.

मी आमच्या गाठोड्याची गाठ मारत होते. आत्या उशीला टेकून बसली होती. "सुमे," ती फाटक्या आवाजात म्हणाली, "बघतीस काय? जा की."

मी गेले. त्या बाईच्या हातांवर माझे हात ठेवले आणि दाबलं. माणसाची छाती वर आली. ती दचकून मागं सरली, मी तिला धरून ठेवलं.

"मावशी, घरी शेळ्या हायेत?"

तिनं मान हलवली.

"धार कोन काढतं?"

"म्याच."

"मग येतंय की तुमाला. घाई केली की शेळी दूध चोरती ना? तसंच हे. बोटं सावकाश मिटायची, सावकाश सोडायची. तिच्या मनानं घ्यायचं."

"हे जित्तं हायेत का?" तिनं विचारलं. माझ्याकडं न बघता.

मी तिचं एक बोट नवऱ्याच्या मनगटावर ठेवलं आणि ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. तिला नाडी लागली तेव्हा मला ते तिच्या खांद्यांवरून कळलं. ते खाली आले. त्या माणसाचं पुढं काय झालं, मला आजवर ठाऊक नाही. आम्ही दुपारच्या आत निघालो, आणि भोरच्या डोंगरात मी एवढी वर्षं नोकरी केली तरी ती बाई मला पुन्हा कधी भेटली नाही. भेटली असती तरी ओळखलं असतं की नाही, कुणास ठाऊक. तिचा चेहरा माझ्या लक्षातच नाही. लक्षात आहेत ते तिचे हात, राखेनं भेगाळलेले, मोठे, धारेचे हात. आमच्या दोघींच्या हातांखाली तो फुगा मिटत होता आणि उघडत होता. थोड्या वेळानं मला जाणवलं की मी दाबत नाहीये, नुसती टेकलेय. तिची लय तिला सापडली होती. ती माझ्याहून संथ होती आणि माझ्याहून चांगली. मग मी तिच्या हातांवरून माझे हात काढून घेतले.